तक्रारी निरंक

सत्यशीला गर्जेला आयुष्यात कुणी ‘मॅडम’ म्हटलं नव्हतं. चिंचफाट्यावर एसटी थांब्यामागच्या गल्लीत तिचा शिवणक्लास होता. बचत गटाची ती अध्यक्षही होती, पण बाया तिला सत्यशीलाताई म्हणत, क्लासच्या पोरी नुसतं ताई, आणि नवरा गोरक्षनाथ ‘ऐकलं का’ एवढ्यावर भागवत असे. त्यामुळं डिसेंबरातल्या त्या सकाळी ब्लाउजच्या कापडावर खडूची रेघ मारताना फोन वाजला आणि पलीकडून एका पोरीचा आवाज म्हणाला, “सत्यशीला मॅडम बोलताय का?” तेव्हा तिला वाटलं, बँकेतून असेल.

“कोन पायजे?”

“तुम्ही कॉलेजच्या तक्रार समितीत आहात ना? अंतर्गत तक्रार समिती. वेबसाईटवर तुमचा नंबर आहे.”

“न्हाई बाई. राँग नंबर हाय.”

पलीकडं मागं जीपवाला पाथर्डी, पाथर्डी म्हणून ओरडत होता. मग आवाज म्हणाला, “सॉरी,” आणि फोन बंद झाला.

सत्यशीलानं परत कात्री उचलली. पण ते सॉरी काही केल्या कानातून जाईना. चुकून नंबर लागल्यावर माणूस म्हणतं तसलं ते नव्हतं. लांबून चालत येऊन दाराला कुलूप दिसल्यावर माणूस जसं हळूच मागं फिरतं, तसं होतं. दहा मिनिटांनी तिनं कापलेलं बघितलं तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघालेल्या. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तिनं त्या नंबरला फोन लावला. कुणी उचलला नाही. मग तिनं क्लासमधल्या संस्कृतीला हाक मारली. “तुझ्या मोबाईलवर कालेजची वेबसाईट निघती का गं?”

संस्कृतीनं दोन मिनिटांत काढली. वर कॉलेजच्या दगडी कमानीचा फोटो, खाली ‘विद्यार्थी व नागरिकांसाठी अनिवार्य माहिती’ असं एक पान. त्यावर एकाखाली एक ओळी: रॅगिंगला बंदी, माहितीचा अधिकार, हजेरीचा नियम, दिव्यांगांच्या सोयी, प्रवेश रद्द करण्याचं धोरण. प्रत्येक ओळीला एक फाईल जोडलेली. अंतर्गत तक्रार समितीच्या फाईलीत नावं होती, आणि शेवटचं नाव होतं, ‘सौ. सत्यशीला गोरक्षनाथ गर्जे, सामाजिक कार्यकर्त्या, बाह्य सदस्य.’ पुढं तिचाच मोबाईल नंबर.

“ताई, तुम्ही कधी सांगितलं नाही!” संस्कृती खूश झाली.

“खाली काय लिवलंय ते वाच.”

खाली दोन वर्षांतल्या चार बैठकांची इतिवृत्तं होती. चारहींत मजकूर एकच. सर्व सदस्य उपस्थित. मागील इतिवृत्त वाचून कायम. आलेल्या तक्रारी निरंक. आभार मानून सभा संपली. आणि खाली सह्यांच्या रांगेत सत्यशीलाची सही.

“निरंक म्हंजी?”

“म्हणजे काहीच नाही. एकसुद्धा नाही.”

सत्यशीलानं मोबाईल हातात घेऊन ती सही मोठी करून बघितली. सही तिची नव्हती, पण हात ओळखीचा होता. गर्जेमधल्या ‘र्ज’ची शेपटी अशी उजवीकडं ओढणारा तिच्या माहितीत एकच माणूस होता. तिच्या घरचं रेशनकार्ड, बचत गटाची नोंदणी, लेकीचा नर्सिंगचा फॉर्म, सगळं त्याच हातानं लिहिलेलं. गोरक्षनाथचा चुलत भाऊ सूर्यभान. कॉलेजच्या ऑफिसात वरिष्ठ लिपिक. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांना उचलून नगरच्या दवाखान्यात नेणारा, आठ दिवस तिथंच फरशीवर झोपणारा सूर्यभान भाऊजी.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती कॉलेजात गेली. ऑफिसबाहेरच्या भिंतीवर चकचकीत बोर्ड होता, त्यावरही तिचं नाव. चारदा आठ मार्चच्या कार्यक्रमाला ती इथं आली असेल, पण या भिंतीकडं कधी लक्षच गेलं नव्हतं. सूर्यभान डबा उघडून बसला होता.

“वहिनी! या, या. चटणी घ्या.”

“भाऊजी, माझी सही तुमी केली व्हय?”

त्याचा घास हातातच राहिला. त्यानं आधी दाराकडं बघितलं. “बसा तर खरं. अहो, नुसता कागद हाय तो. बाहेरची एक बाई लागती नियमानं, संस्थेतली चालत न्हाई. तुमचा गट रजिस्टर हाय, तुमी आठ मार्चला येता, म्हनून सायबांनी म्हटलं घाला नाव. तुम्हाला कशाला बैठकीला हेलपाटे? कालेजचा दर्जा ठरवाया नॅकची कमिटी येती, फाईल बघती, चहा पिऊन जाती.”

“आन कुनी पोरगी आली म्हंजी?”

“आजवर आली का? न्हाई ना.” मग त्यानं मान वर केली. “फोनबिन आला काय तुम्हाला?”

“न्हाई,” सत्यशीला म्हणाली. आपण खोटं का बोललो ते तिला जिना उतरेपर्यंत कळलं नाही.

घरी आल्यावर तिला एका जागी बसवेना. तिनं चूल पुसली, परत पुसली. मशीनवर बसली, उठली. गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन जीपा बघून आली. गोरक्षनाथ म्हणाला, “काय हरवलंय का?” त्याला काय सांगणार? संध्याकाळपर्यंत तिनं त्या नंबरला सात वेळा फोन लावला. आठव्यांदा तो उचलला गेला.

“पोरी, नंबर राँग नव्हता,” सत्यशीला घाईघाईनं म्हणाली. “मीच ती. फोन ठिवू नको.”

मुलगी दुसऱ्या दिवशी क्लासवर आली. पोरी जेवायला गेल्या होत्या. अंगानं किडकिडीत, पाठीवर सॅक, खांद्याला ओढणी पिन लावून घट्ट. नाव धनश्री. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. गाव आठ किलोमीटरवर. आई-बाप दिवाळी होताच ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलेले, घरी ती आणि आजी रंगुबाई. कुणी आलंच तर माप देते आहे असं वाटावं म्हणून सत्यशीलानं टेप तिच्या खांद्यावर टाकून ठेवली.

धनश्री खाली बघून बोलत होती, पण सगळं ओळीनं, जणू किती वेळा मनात म्हणून झालेलं. केमिस्ट्रीचे अंगद सर जर्नलवर सही करत नव्हते. बाकीच्यांच्या झाल्या, हिचीच राहिली. दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला लॅबमध्ये बोलावलं, राहिलेलं प्रॅक्टिकल करून टाक म्हणाले. ती गेली. लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी आतून कडी लावली.

एवढं सांगून ती टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सत्यशीलानं विचारलं नाही. बऱ्याच वेळानं धनश्रीनं हात दाखवला, मनगटाच्या वर कुठं धरलं ते, आणि मग खांदा, आणि मग म्हणाली, “मी बर्नर ढकलला. काच फुटली. तेवढ्यात मी कडी काढून पळाले.”

“घरी सांगितलं?”

“त्या दिवशी आई-अण्णा ट्रॅक्टरमध्ये सामान भरत होते. मुकादम दारात उभा. कसं सांगू?” ती म्हणाली. “तेव्हापासून मी प्रॅक्टिकलला गेलेच नाही. आता नोटीस आलीय, पंच्याहत्तर टक्के हजेरी नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली होती. पेटीची किल्ली कुणाकडं आहे ते शिपायालाही माहीत नाही. मग मी वेबसाईटवर सगळे नियम वाचले. तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची, सहा प्रती द्यायच्या, नाव गुप्त राहणार. सगळं लिहिलंय, ताई. लई छान लिहिलंय.”

सत्यशीलाला तिच्याकडं बघवेना. पण खोटं एकदा बोलून झालं होतं, परत बोलायचं नव्हतं. “मी त्या समितीच्या एकाबी बैठकीला गेले न्हाई,” ती म्हणाली. “मला ठाऊकच नव्हतं. माझ्या नावानं दुसऱ्यानंच सह्या मारल्यात.”

धनश्रीनं मान वर केली. “म्हणजे तुम्ही नाही आहात?”

“नाव माझं, नंबर माझा. मंग मीच की. बस, लिव अर्ज.”

अर्ज तिथंच कापायच्या टेबलावर लिहिला गेला. सत्यशीला आठवी शिकलेली. तिनं मजकुरात काही सुचवलं नाही, फक्त एकदा म्हणाली, “काच फुटली ते लिव. तारीख लिव.”

समितीच्या अध्यक्ष होत्या मराठीच्या वैजयंता मॅडम, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या. सत्यशीला त्यांच्या घरी गेली. अर्ज वाचून मॅडमनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि खूप वेळ तो घातलाच नाही. “सूर्यभान दर सहा महिन्यांनी कागद आणायचे,” त्या म्हणाल्या. “तास संपला की मी उभ्या उभ्या सही करायची. मला वाटायचं, तक्रार नाही हे चांगलंच आहे ना.”

“आता हाय.”

“हो. आता आहे.” मॅडम उठून आत गेल्या, बाहेर आल्या, परत आत गेल्या. त्यांनाही बसवत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, “तुमचं नेमणुकीचं पत्र फाईलला असेल. उद्या ऑफिसातून त्याची प्रत घ्या. पत्राशिवाय तुम्हाला आत बसू देणार नाहीत.”

पत्र फाईलला होतं. दोन वर्षांपूर्वीच्या तारखेचं, कधीच न पाठवलेलं. सूर्यभाननं झेरॉक्स काढून दिली, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही. तासाभरातच प्राचार्य भागवत सरांचं बोलावणं आलं.

भागवत सर कधी आवाज चढवून बोलत नसत. त्यांनी चहा मागवला, लेकीची चौकशी केली, पंखा कमी करायला लावला. मग म्हणाले, “ताई, मुलीचं भलं आपल्या दोघांनाही हवंय. लेखी कारवाई म्हटलं की नाव बाहेर फुटतंच. उद्या तिचं लग्न व्हायचंय. अंगद सरांना मी खोलीत बोलावून समज देतो, ते माफी मागतील, हजेरीचं मी बघतो. जानेवारीत कमिटी येतेय. मिटवून टाकू.”

“तिनं मिटवा म्हटलं तर मिटवू. तसं तिनं लिवलेलं न्हाई.”

“ठीक.” सरांनी फाईल पुढं ओढली. “मग एक अडचण आहे. मागच्या चारही बैठकांवर तुमच्या सह्या आहेत. तुम्ही म्हणणार मी नव्हते. मग ही फसवणूक कुणी केली, असा प्रश्न येणार. सही कुणाच्या हातची आहे ते तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. सूर्यभानची एकवीस वर्षं नोकरी झाली. दोन मुलं शिकताहेत. आणि मागची समिती खोटी ठरली तर आजची तरी खरी कशी? अंगद सरांचा वकील पहिला हेच विचारील.”

चहावर साय धरली होती. “मागलं खोटं हुतं म्हनून आताचं खरं करायचं न्हाई, असं हाय का सर?” ती म्हणाली.

त्या रविवारी सूर्यभान बायकोला घेऊन घरी आला. तो दारातच बसला, आत ये म्हटलं तरी येईना. “वहिनी, मी तुमच्या पाया पडतो. ती पोरगी कोन, तुम्ही कोन? तिच्यापाई मला रस्त्यावर काढता का?”

“मी तुमचं नाव घेतलंय का अजून?”

“घ्यावं लागंल की! बैठकीत पहिलं मागलं इतिवृत्त कायम करायचं असतंय. तुमी सही केली तर तुमी बी खोट्या. न्हाई केली तर मी मेलो.”

तो खरं बोलत होता. बैठकीत पहिला विषय हाच येणार हे सत्यशीलाला ठाऊक नव्हतं. गोरक्षनाथ इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. आता म्हणाला, “आपल्या बापाला ह्यानं खांद्यावर न्हेलतं. घरातल्याच मानसाला घरातल्याच बाईनं बुडवायचं, ही कुठली रीत?”

पुढचे आठ दिवस सत्यशीलाच्या हातून एकही कापड धड कापलं गेलं नाही. शाळेचे बावीस गणवेश अडकून पडले. ती पाणी भरायला निघे आणि हंडा घरीच विसरे. रस्त्यानं जाताना वाटे, सूर्यभानच्या घरावरून जावं, पण पाय दुसऱ्याच गल्लीत वळत. कधी तिला वाटे, भागवत सर म्हणतात तेच बरं. मग धनश्रीचा फोन येई, “ताई, काही कळलं का?” आणि त्या पोरीच्या आवाजात हल्ली किंचित जीव आलेला असे, तोच सत्यशीलाला सहन होत नसे. दोन्हीकडून ओढ बसत होती आणि कुठली सोडावी ते कुणी सांगणारं नव्हतं.

बैठक डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झाली. लायब्ररीच्या वरच्या खोलीत वैजयंता मॅडम, दोन प्राध्यापक, विद्यार्थ्यांची प्रतिनिधी आणि सत्यशीला. पहिलाच विषय, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. मॅडमनी वाचलं आणि सत्यशीलाकडं बघितलं.

ती उभी राहिली. उभं राहायची गरज नव्हती, पण बसून बोलता आलं नसतं. “ह्या चारी बैठकांना मी हजर नव्हते. सह्या माझ्या न्हाईत. हे मला लिवून पायजे.”

प्राध्यापकांपैकी एक म्हणाले, “ताई, परिणाम काय होईल याचा विचार—”

“केलाय. आठ दिस तेच केलंय.”

मॅडमनी पेन घेतलं. “माझ्या सह्या माझ्याच आहेत,” त्या म्हणाल्या, “पण बैठका झाल्या नव्हत्या. तेही लिहिते.” आणि त्यांनी स्वतःच्या हातानं, सावकाश, एकेक शब्द लिहिला. सही करताना सत्यशीलाला सासरे आठवले, नगरच्या दवाखान्याची फरशी आठवली, आणि सही वाकडी आली.

अंगद सरांचं लेखी उत्तर नियमाप्रमाणं दहा दिवसांनी आलं. मुलगी अभ्यासात कच्ची, हजेरी कमी, सही मिळाली नाही म्हणून सूड घेते आहे. सुट्टीत कॉलेज बंद होतं, आपण त्या दिवशी चिंचफाट्यावर नव्हतोच, जामखेडला मेहुण्याकडं होतो. मेहुण्याचं पत्रही जोडलेलं. धनश्रीचा शब्द एकीकडं आणि हे दुसरीकडं. साक्षीदार कुणी नाही. फुटलेल्या काचेची नोंद लॅबच्या वहीत नव्हती. ती वही अंगद सरांच्याच ताब्यात असे.

सत्यशीलाला रात्रंदिवस एकच वाटत राहिलं की आपण कुठंतरी एक टाका विसरतो आहोत. पोरीच्या साध्या झग्यालाही चार बाजूंनी शिलाई असते. कुठंतरी धागा सापडायला हवा. मग एका सकाळी क्लासचं कुलूप उघडताना तिचा हात थांबला. कॉलेज बंद होतं तर लॅब उघडली कशानं? किल्ल्या ऑफिसात खिळ्याला टांगलेल्या असतात, सूर्यभान डबा खात होता तेव्हा तिनं त्याच्या डोक्यामागं बघितल्या होत्या. आणि खाली टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची लांबडी वही.

तिनं मॅडमना फोन केला. समितीनं सूर्यभान गर्जेला किल्ल्यांच्या रजिस्टरासह बोलावलं.

तो येईल असं तिला वाटत नव्हतं. आला तरी वही हरवली म्हणेल. तिनं त्याला बुडवलं होतं. तिच्या त्या एका वाक्यावरून त्याला मेमो मिळाला होता, संस्थेची चौकशी लागली होती, त्याच्या बायकोनं संक्रांतीचं वाणसुद्धा घेतलं नव्हतं. आता तिला बुडवायची पाळी त्याची.

सूर्यभान आला. वही छातीशी धरलेली. खुर्चीवर बसला नाही. सत्यशीलाकडं न बघता मॅडमना म्हणाला, “विचारा.”

“दिवाळीच्या सुट्टीत केमिस्ट्री लॅबची किल्ली कुणी नेली होती का?”

त्यानं पान काढून टेबलावर ठेवलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, ‘प्रा. अंगद, केमिस्ट्री लॅब, नेली सकाळी १०.५०, परत १२.१५’. पुढं अंगद सरांची सही, आणि शेऱ्यात सूर्यभानच्या अक्षरात, ‘काच फुटल्याचे सांगितले, झाडू दिला.’

“सुट्टी असून तुम्ही ऑफिसात होता?” एका प्राध्यापकांनी विचारलं.

“कमिटीच्या फायली पुऱ्या करत हुतो.” मग पहिल्यांदाच त्यानं सत्यशीलाकडं बघितलं. रागानं बघितलं. “सायबानं सांगितलं ते खोटं मी लिवलं. ते कबूल हाय. पन ही वही मला कुनी सांगून लिवत न्हाई. एकवीस वर्षात हिच्यात एक किल्ली चुकलेली न्हाई.”

तो वही तिथंच ठेवून गेला. वैजयंता मॅडमनी त्या पानाची प्रत काढून घेतली. सत्यशीला जिन्यात त्याला गाठायला गेली, पण तो खाली पोचला होता.

त्यानंतर जामखेडच्या मेहुण्याचं पत्र कुणी दुसऱ्यांदा वाचलं नाही. समितीचा अहवाल फेब्रुवारीत संस्थेकडं गेला, त्यात अंगद सरांना कामावरून काढण्याची शिफारस होती. संस्थेनं काढलं नाही. निलंबित केलं, ते अपिलात गेले, ते अपील अजून चालू आहे. धनश्रीची हजेरी धरली गेली, राहिलेली प्रॅक्टिकलं दुसऱ्या मॅडमनी घेतली. सूर्यभानची नोकरी वाचली, पण त्याला ऑफिसातून उचलून परीक्षा विभागातल्या गठ्ठ्यांवर बसवलं आणि बढती अडवली. खोट्या बैठका करा म्हणून सांगणाऱ्या भागवत सरांना काही झालं नाही. जानेवारीत येणारी कमिटी मार्चवर गेली, वेबसाईटवरच्या जुन्या चार फायली निघाल्या, त्या जागी ‘माहिती अद्ययावत होत आहे’ असं दिसू लागलं. गोरक्षनाथ बायकोशी बोलत होता, पण मोजकं. सूर्यभानच्या घरचं येणंजाणं बंद.

सत्यशीलाला वाटलं होतं, निकाल लागला की आपल्याला झोप लागेल. तसं झालं नाही. सकाळी शिलाई करता करता मध्येच ती उठून उभी राही, आणि आपण कशाला उठलो ते तिला आठवत नसे.

एप्रिलमध्ये ऊसतोडीची माणसं परतली. एका सकाळी धनश्री आईला घेऊन क्लासवर आली. आईचं नाव चांगुणा, उन्हानं रापलेली, हाताला पाल्याचे ओरखडे. धनश्रीचा नऊ वाजता पेपर होता, म्हणून ती उंबऱ्यातूनच पळाली. चांगुणा तिथंच उभी राहिली.

“पोरगी म्हनती, ताईंनी लई केलं माझ्यासाठी. काय केलं ते सांगत न्हाई.”

समितीतलं काहीही बाहेर बोलायचं नाही, हा नियम सत्यशीलाला आता पाठ होता. पण नियमापेक्षा ती पोर उंबऱ्यातून पळताना ‘सांगू नका’ अशा नजरेनं मागं वळून बघून गेली होती, तेच तिला पुरेसं होतं. “तिचं तीच सांगंल,” ती म्हणाली. “आज न्हाई तर उद्या.”

चांगुणानं तिच्याकडं नीट बघितलं. बघता बघता तिचे ओठ आवळले गेले. तिला काय कळलं आणि किती, ते सत्यशीलाला समजलं नाही. पण काहीतरी कळलं होतं. “मी इचारनार न्हाई,” चांगुणा म्हणाली. “पन मला ते कालेज दावा. दोन वरसं पोरगी जाती, मी कधी बघितलंच न्हाई.”

हातातलं काम टाकून सत्यशीला तिच्याबरोबर निघाली. फाट्यापासून दगडी कमानीपर्यंत दोघी चालत गेल्या. चांगुणा भरभर चालत होती, फडात चालायची सवय असल्यासारखी, आणि सत्यशीलाला तिच्या बरोबरीनं चालताना धाप लागली. पेपर सुरू झाला होता, आवारात शांत होतं. दोघी कडुलिंबाखालच्या पारावर बसल्या. चांगुणा एकेका खिडकीकडं बघत होती. “कुठल्या खोलीत हाय वं ती?”

सत्यशीलाला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात व्हरांड्यातून सूर्यभान बाहेर आला, छातीपर्यंत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्यानं दोघींना बघितलं आणि पाऊल मागं घेतलं. चार महिन्यांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. सत्यशीला उठली.

“भाऊजी, बी.एस्सी. सेकंड इयर कुठं बसवलेत?”

तो गठ्ठा सावरत उभा राहिला. वाटलं, तसाच निघून जाईल. मग त्यानं हनुवटीनंच वरच्या मजल्याकडं दाखवलं. “चौदा नंबर. डावीकडनं तिसरी खिडकी,” तो म्हणाला. “बारा वाजता सुटंल.” आणि आत गेला.

चांगुणा उठून झाडाच्या सावलीतून बाहेर आली, उन्हात उभी राहिली, आणि डोळ्यांवर हात धरून तिसरी खिडकी मोजू लागली.